सुगंधाबाईंच्या हातचं

सावद्याच्या बाजारात कोणी केळी विकत घेताना दिसला, की खुशाल समजावं, हा परगावचा. गावच्या माणसाच्या घरात केळी असतातच. कोणाच्या तरी बागेतून घड येतो, पडवीत गोणपाटाखाली पिकतो, आणि येता-जाता हाताला लागेल ते सोलून तोंडात टाकलं जातं. त्याला कोणी जेवण म्हणत नाही की खाणं म्हणत नाही. पाणी प्यायलं हे जसं कोणी सांगत नाही, तसंच केळं खाल्लं हेही सांगत नाही.

सुगंधाबाई जीवराम चौधरी याच गावच्या आणि याच मताच्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणे. आवाज असा, की आपल्या बागेतल्या गड्याला हाक मारली तर शेजारच्या बागेतले गडीही कामाला लागायचे. जीभ मिरची, पण हात सढळ. पोस्टमन असो, लाईटचं मीटर बघणारा असो, मतं मागायला आलेला उमेदवार असो, अक्कांच्या ओट्यावरून कोणी केळ्यांची फणी घेतल्याशिवाय उतरला नाही. खोकला झाला, केळं. झोप येत नाही, केळं. पोरगं परीक्षेला निघालं, केळं. तिकडच्या बोलीत 'ळ' काही जिभेवर टिकत नाही, म्हणून त्या म्हणायच्या, "केयं खाय बापा, केयानं कोणाचं वाईट झालं का आजपावतर?" साठी उलटून गेली तरी या प्रश्नाचं उत्तर त्यांना कोणी दिलं नव्हतं.

उत्तर आलं एकोणीसशे नव्व्याण्णव साली. आणि ते कुठून आलं, हे ऐकलं तर आजही सावद्यातले निम्मे लोक म्हणतात, काहीतरीच!

अक्कांचा एकुलता एक मुलगा अभिमन. त्याची बायको कुंदा, पहूरची, कापसाच्या मुलखातली. त्यांची मुलगी मयुरी. बारशाला अक्कांनी कौतुकानं गुळाच्या पाण्याचं बोट चाटवलं, तर पोरगी रात्रभर ओकली. तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. पुढे आईच्या अंगावर पीत होती तोवर चांगली गुटगुटीत राहिली. वरचं खाणं सुरू झालं आणि सगळं फिस्कटलं. खाल्लेलं ओकायची, घामानं भिजायची, हातपाय थरथरायचे, डोळे फिरवायची. तीन वर्षांची झाली तरी दंड काडीएवढे आणि पोट तेवढं फुगलेलं. दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं की दोन-तीन दिवसांत खुदकन हसायची. घरी आणली, की पहिले पाढे पंचावन्न.

दवाखान्यात बरी आणि घरात आजारी, म्हटल्यावर गावाला बोलायला काय लागतं! कोणी म्हणालं, घर बाधलंय. कोणी म्हणालं, आईचा पायगुण. अक्कांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, उतारे टाकले, नवस बोलल्या, आणि उरलेला राग सुनेवर काढला. "तुह्या हातालेच गुण नही व बाई. पोरीले धड भरवता येत नही तुले!"

आणि भरवण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. चांगलं ठिपक्यांचं, मधासारखं पिकलेलं केळं, त्यात दूध, वर साखर. ते बोटांनी कुस्करून त्या मांडी घालून बसायच्या, "ये माझी माय, ये." मयुरी तोंड घट्ट मिटायची. दातांवर दात. असे सुंदर दात होते पोरीचे, एकही किडलेला नाही, अक्का सगळ्यांना दाखवायच्या. पण घासापुढे ते उघडायचे नाहीत. मग एका हातानं नाक धरायचं, तोंड उघडलं की दुसऱ्यानं घास आत सारायचा. पुढेपुढे तर आजीचा हात दिसला की पोरगी पलंगाखाली शिरायची. आईच्या हातचं वरण-भात, भाकरी, वांग्याचं झणझणीत भरीत मात्र मिटक्या मारत खायची. "जन्माचीच तिखटखाऊ आहे," आजोबा, म्हणजे जीवरामनाना, हसायचे. अक्कांना मात्र ते लागायचं. साऱ्या गावानं ज्यांच्या हातचं खाल्लं, त्यांच्या हाताला घरची नात भ्यायची. कोणाला सांगणार?

मध्ये कुंदा तिला घेऊन माहेरी गेली. पहूरला पोरगी महिनाभर ठणठणीत! अक्कांच्या डोक्यात तिडीक गेली. "आमच्या घरी आजारी अन् त्यांच्या घरी बरी? आमी काय इख घालतो का तिले?" मग मनाचा मोठेपणा म्हणा नाहीतर ठसका म्हणा, त्यांनी अभिमनच्या मोटारसायकलवर बागेतला पहिल्या प्रतीचा घड बांधून पहूरला धाडला, नातीसाठी. आठवड्यात मयुरी तिथेही आडवी झाली. "पाह्य," अक्का म्हणाल्या, "घराले कायले नावं ठेवता? पोरीचं नशीबच तसं." घडाचं नाव कोणाच्याही तोंडून निघालं नाही. कसं निघेल?

त्या फेब्रुवारीत मयुरीला जळगावला मोठ्या दवाखान्यात दाखल केलं, तेव्हा ती पिवळी पडली होती. डॉक्टर भला माणूस. त्यानं अभिमनला बाजूला घेऊन सांगितलं, "लिव्हर फार सुजलंय. कशानं, ते मला अजून सापडत नाही. मुंबईला न्यावं लागेल. आणि खरं सांगतो, असा झटका पुन्हा आला तर पोरीत तेवढी ताकद उरलेली नाही." अक्का दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सुनंदा भेटायला आली. सुनंदा म्हणजे अक्कांच्या फैजपूरच्या भावाची मुलगी. जळगावात कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि त्यातच पीएचडी करायची. लग्न न करता ती नेमकं काय शोधत बसलीय, हे माहेरच्या कोणालाच उमगलेलं नव्हतं. ती म्हणाली, "आत्या, मी इंटरनेटवर बघते. कुठेतरी कोणीतरी असं मूल पाहिलं असेल."

"मी बी येते," अक्का म्हणाल्या. "कोण सांगतंय ते मले बी पाहू दे." निघताना त्यांनी पिशवीतली दोन केळी काढून कुंदाच्या हातात ठेवली. "उलटी थांबलीय. दुपारी उठली की भरव. अन् पुरं भरव, नहीतर मी आल्यावर पाहते."

कॉलेजच्या त्या खोलीत पंख्याखाली चार कॉम्प्युटर आणि टेलिफोनची एक वायर. चपला बाहेर काढून अक्का आत शिरल्या आणि देवघरात बसावं तशा खुर्चीच्या टोकाला बसल्या. फोन लागताना यंत्र किंचाळलं, तशा दचकल्या. "नंदा, त्याले सांग, सावद्याच्या जीवराम चौधरीची नात आहे म्हणा. नीट ओळख दे."

"आत्या, तिथे कोणी बसलेलं नाही गं," सुनंदा हसली, आणि मग थोडं समजावून सांगू लागली. जगभरच्या लोकांनी आपापल्या कॉम्प्युटरवर पानं लिहून ठेवली आहेत. लाखो, करोडो. ना ती कोणी लावून ठेवली, ना त्यांना कपाट. त्या ढिगातून आपल्या कामाचं एक पान वर कसं आणायचं, हाच तिचा अभ्यास. "जो शब्द सगळ्याच पानांवर असतो ना, त्याला वजन नसतं. तो आम्ही टाकूनच देतो. जो थोड्या ठिकाणी सापडतो, तोच माग दाखवतो."

अक्कांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे सावद्याच्या लग्नात 'ओ चौधरी' म्हणून हाक मारली, तर अर्धा मांडव उठून उभा राहील. तसंच ना?"

"अगदी तसंच."

सुनंदानं विचारून विचारून सगळं टाइप केलं. उलटी, घाम, थरथर, फुगलेलं पोट, कावीळ, मूल. पानांची नावं येतच राहिली, हजारोंनी. तिनं कितीतरी उघडली. एक म्हणे ही कावीळ, दुसरं म्हणे ती कावीळ, तिसरं म्हणे जंत. जे जे डॉक्टरांनी तपासून झालं होतं, तेच सगळं. "खाते काय ती, आत्या?"

"काय खाणार? वरण-भात, भाकर, दूध. बाहेरचं काही नही."

वरण-भात, भाकर, दूध. त्यातूनही काही निघेना. दुपार उलटली. सुनंदा डोळे चोळत मागे टेकली. तेवढ्यात शिपाई हिलाल चहा घेऊन आला. तो धुळ्याकडचा. अक्कांनी सवयीनं पिशवीत हात घातला, एक फणी काढली, हिलालला दिली, दुसरी सुनंदापुढे ठेवली. हिलालनं उभ्या-उभ्या एक सोलून खाल्लं. "अक्का, केळं एकदम गोड शे! बठ्ठी फणी घर लई जाऊ का?"

"ने बापा. तू तरी ने." अक्कांनी पिशवीच त्याच्याकडे सरकवली. "घरच्या पोरीले नाक दाबून भरवते मी रोज, तरी अंगी लागत नही तिच्या."

सुनंदाच्या हातातलं केळं अर्धवट सोललेलं तसंच राहिलं. "काय भरवतेस?"

"हेच. केयं, साखर घालून."

"आत्या! मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"आता यात काय सांगायचं?" अक्का खरोखरच चकित झाल्या. "केयं काय खाणं आहे का?"

सुनंदानं कपाळावर हात मारला. "तू नाही सांगितलंस, आणि मीही नाही विचारलं. मीही केळीच्याच गावची ना! आपल्याकडे या शब्दाला वजनच नाही, आत्या. सगळ्या घरांत आहे म्हणून आपण टाकून दिला. पण जगाच्या पानांवर तो थोड्याच ठिकाणी असेल. अजून काय गोड नको म्हणते ती?"

आता अक्का आठवून आठवून सांगू लागल्या. गूळ. पेढा. बारशाचं ते बोट. डॉक्टरांचं गोड औषधसुद्धा थुंकते. सुनंदानं सगळे शब्द घातले. केळं, साखर, उलटी, मूल, गोड नको म्हणतं. आणि बटण दाबलं.

या वेळी पानं अगदी थोडी आली. दुसरंच पान तिनं उघडलं. ते वरून खाली ओळ ओळ उतरू लागलं, विहिरीतून बादली यावी तसं सावकाश. सुनंदा वाचू लागली आणि वाचता वाचता मराठीत सांगू लागली. "एका बाईनं लिहिलंय. स्कॉटलंडची आहे, समुद्रापलीकडे, थंड मुलूख. तिच्या मुलाबद्दल लिहिते. म्हणते, दवाखान्यात बरा व्हायचा, घरी आणला की आजारी... म्हणते, शेजारीपाजारी म्हणायचे, आईलाच सांभाळता येत नाही..."

अक्का खुर्चीच्या टोकावरून आणखी पुढे सरकल्या.

"म्हणते, मी त्याला फळं कुस्करून भरवायची, ताकद यावी म्हणून. तो तोंड घट्ट मिटून घ्यायचा. वाढदिवसाला केक आणला की टेबलाखाली लपायचा. त्याचे दात मात्र सुंदर, एकही किडलेला नाही..."

"पलंगाखाली," अक्का पुटपुटल्या. त्यांच्या दंडावर सरसरून काटा आला होता. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "नंदा, माय व! त्या बाईनं आपली मयुरी कधी पाह्यली?"

"नाही पाहिली, आत्या."

"मंग तिले कसं कळलं?"

"तिला तिच्या मुलाचं कळलं. शेवटी बघ काय लिहिलंय. कुठेतरी कोणाच्या घरी असंच मूल असेल, त्या घराला लवकर कळावं, म्हणून मी हे लिहून ठेवते."

अक्का त्या काचेकडे बघत राहिल्या. त्यातली अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. ज्या बाईचं गाव माहीत नाही, जात माहीत नाही, बोली माहीत नाही, तिनं रस्त्याच्या कडेला रांजण भरून ठेवावा तसं हे भरून ठेवलं होतं. कोण पिऊन जाईल हे न विचारता. आणि प्यायला आलं कोण, तर सावद्याची सुगंधाबाई! त्यांनी काचेला नाही, त्या बाईला हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं.

सुनंदा मात्र सावध होती. ही एका आईची हकीकत, एवढ्यावर औषधपाणी होत नसतं. त्या पानात आजाराचं जे लांबलचक नाव होतं, ते घालून तिनं पुन्हा शोधलं. एका परदेशी विद्यापीठाच्या डॉक्टरांचं पान निघालं. फळांतली आणि उसातली साखर काही मुलांच्या अंगाला जन्मतःच पेलत नाही, आत जाऊन ती लिव्हरचं वाटोळं करते, आणि ती बंद केली की मूल सुधारतं, असं त्यात स्पष्ट होतं. हजारोंत एखादं मूल असं असतं. सुनंदानं दोन्ही पानं छापायला लावली.

प्रिंटर करकर करत होता, आणि अक्का एकदम किंचाळल्या, "कुंदा!"

"काय झालं?"

"दोन केयं देऊन आली मी तिले! पुरं भरव म्हटलं!"

त्या चपला न घालताच पळाल्या. रिक्षात त्या सारख्या रिक्षावाल्याच्या पाठीवर थापा मारत होत्या, "हाक बापा, हाक." दवाखान्याचा जिना चढताना धाप लागली, पातळाचा काठ पायात आला, तरी थांबल्या नाहीत. वॉर्डात शिरल्या तर मयुरी कुशीवर झोपलेली आणि कुंदा स्टुलावर. कुंदाच्या हातात रिकामी वाटी आणि चमचा.

"भरवलं?" अक्कांनी वाटीत डोकावून पाहिलं. "भरवलं तिले?"

कुंदा दचकून उभी राहिली. सासूचा अवतार बघून तिनं वाटी मागे लपवली. "अक्का, रागावू नका. तिनं तोंडच उघडलं नाही. माझ्यानं नाक दाबवलं नाही." ती रडायला लागली. "मीच खाल्लं. आजचंच नाही. घरीसुद्धा तुम्ही वाटी ठेवून बागेत गेलात की कधी मी खायची, कधी गाईला घालायची, आणि तुम्हाला सांगायची की तिनं खाल्लं. खोटं बोलले मी. पाया पडते तुमच्या."

वॉर्डातल्या सगळ्या बाया बघत होत्या. आता या सुनेची काही खैर नाही, असं सगळ्यांच्याच तोंडावर दिसत होतं. अक्का मटकन खाली बसल्या, फरशीवर. त्यांनी कुंदाचे दोन्ही हात धरले, ते आपल्या कपाळाला लावले आणि हंबरडा फोडला. "तू खोटं बोलली व माय, म्हणून वाचली ती! मी खरं खरं भरवत होती, अन् तू खोटं बोलत होती!"

मागून सुनंदा कागद घेऊन आली. डॉक्टरांनी ते उभ्यानं वाचले, मग बसून वाचले. "हे नाव मी शिकताना वाचलं होतं," ते हळूच म्हणाले. "पण असं मूल आयुष्यात पाहिलं नव्हतं." त्यांनी त्याच क्षणी साखर, गूळ, फळं, गोड औषधं सगळं बंद केलं. पुढे मुंबईहून तपासणीचा कागद आला, तोही हेच सांगत होता. पण त्याच्या आधीच मयुरीचे गाल भरायला लागले होते.

जळगाव सोडण्याआधी अक्का पुन्हा त्या पंख्याखाली जाऊन बसल्या. त्या बाईला निरोप धाडायचा होता. "लिही नंदा. म्हणा, ताई, तू आमची कोणी नव्हती, आता आहे." एवढं सांगून त्या अडल्या. सावद्याच्या रीतीनं नुसता निरोप जात नाही, सोबत काहीतरी जावं लागतं. "काय पाठवू व तिले? आमच्याकडे केयाबिगर आहे काय? अन् तिच्या पोराले नेमकं तेच चालत नही!" आधी हसल्या, मग डोळ्यांना पदर लावला. बऱ्याच वेळानं ठरलं, बिबडे पाठवायचे. ज्वारीचे, लसूण-मिरची घातलेले, खान्देशातल्या बाया उन्हाळ्यात घालतात ते पापड. त्यात गोड काहीच नसतं. ते पुढे पोस्टानं स्कॉटलंडला पोचलेसुद्धा, वाटेत चुरा होऊन. पोरानं तो चुरा चमच्यानं खाल्ला, असं त्या बाईचं उत्तर आलं. सुनंदानं ते वाचून दाखवलं, तेव्हा अक्का दिवसभर ज्याला-त्याला सांगत फिरल्या.

पण बिबडे घातले तो दिवस सांगायचा राहिलाच.

मयुरी घरी आली, धावायला लागली, अंगणात मातीत खेळायला लागली. पण आजीच्या हातचं काही घ्यायची नाही. नुसतं वरण-भात घेऊन अक्का बसल्या तरी मान फिरवायची, आईकडे पळायची. अक्का कोणाला काही म्हणत नव्हत्या. "नशीब माझं," एवढंच एकदा नानांजवळ बोलल्या. फण्या वाटणं त्यांनी बंद केलं नव्हतं. पण आता ओट्यावर आलेल्या पोराला केळं देण्याआधी त्या त्याच्या तोंडाकडे बघायच्या. कोणी नको म्हटलं, की हात लगेच मागे घ्यायच्या.

एप्रिलात गच्चीवर जुनी धोतरं अंथरली. सकाळच्या उन्हात मोठ्या पातेल्यात बिबड्याचं पीठ शिजून वाफाळत होतं, मिठाचं, तिखटाचं, लसणाचं. अक्का पाण्याचा हात लावून एक-एक बिबडा थापत होत्या, कुंदा पीठ घोटत होती. मयुरी जिन्यातून वर आली. आजीपासून दोन हातांवर उभी राहिली. मग एक पाऊल पुढे आली. अक्कांच्या बोटांना गरम पीठ चिकटलं होतं. पोरीनं वाकून ती बोटं हुंगली, नीट, एकदा नाही, दोनदा.

कुंदानं घोटणं थांबवलं. अक्कांनी हात पुढे केला नाही. जिथे होता तिथेच ठेवला.

आणि मयुरीनं आपण होऊन तोंड उघडलं.

अक्कांनी हरभऱ्याएवढं पीठ त्या तोंडात ठेवलं. पोरीनं चावलं, गिळलं, आणि म्हणाली, "अजून."

"देते माय," अक्का म्हणाल्या, आणि पुन्हा पाण्यात हात बुडवला. कुंदानं पातेलं सासूजवळ सरकवलं.